मोलोकाईवरचा तरुण पाद्री

परदेशी गेलेले तरुण मिशनरी फक्त धर्मांतरासाठीच जातात, असं काहीजण म्हणतात. मला फादर डेमियन आठवले. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच, तो नाकारत नाही. पण आयुष्य त्याहून बरंच मोठं होतं.

बेल्जियममधला हा शेतकऱ्याचा मुलगा. हवाईला खरं तर त्यांचा थोरला भाऊ जाणार होता. तो आजारी पडला, म्हणून हे गेले. 1864 मध्ये होनोलुलूला उतरले तेव्हा वय अवघं 24. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. तिथली भाषा शिकून ते नऊ वर्षं हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर राहिले.

मग 1873 मध्ये हवाईचंच दुसरं बेट, मोलोकाई. कुष्ठरोग्यांना कायद्याने घरच्यांपासून तोडून तिथे नेऊन सोडत. एका बाजूला उभे कडे, बाकी समुद्र. पाद्र्यांनी तिथे पाळीपाळीने जायचं ठरलं होतं. डेमियन गेले ते परतलेच नाहीत. जखमा धुवायच्या, घरं बांधायची, पाण्याचे नळ आणायचे, शवपेट्या ठोकायच्या, कबरी खणायच्या. लोकांबरोबर एकाच भांड्यातून जेवायचे, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. ज्यांना कुणी शिवत नव्हतं, त्यांच्यासाठी ते काय असेल!

1884 च्या अखेरीस त्यांनाही कुष्ठरोग झाल्याचं निदान झालं. तरी काम चालूच. 1889 मध्ये, 49 व्या वर्षी ते तिथेच गेले. 1936 मध्ये त्यांचे अवशेष बेल्जियमला नेले. पुढे 1995 मध्ये उजवा हात मोलोकाईला परत आणून पुरला.