काकवी वेटोळी घालते, नळाची धार तुटते. असं का?

नारायणपेठी_भाडेकरू: सकाळी भाकरीवर मंडईतून आणलेली काकवी ओतत होतो. धार खाली टेकली की पसरायचं सोडून दोरीसारखी वेटोळी घालत एकावर एक बसते. हात वर नेला की वेटोळं लहान, आणि गरगर फिरतं. (भाकरी बुडाली. बोलणी खाल्ली.) उलट गॅलरीतला नळ! वर घरमालकांची पाटी, ‘नळ घट्ट बंद करावा’, आणि नळ काही बंद होत नाही. तोटीशी धार काचेसारखी, बादलीत मात्र तडतड. काकवी का तुटत नाही?

निवृत्त_मास्तर: धारेखाली पळी उपडी धरा. तोटीजवळ आवाज नाही. हळूहळू खाली न्या, एका जागी तडतड सुरू होईल. तिथे धार संपली, पुढे नुसते थेंब. डोळ्याला अखंड वाटते इतकंच. हा पृष्ठताणाचा, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या कातड्यासारखा आवळून घेण्याचा, उद्योग. धारेवर बारीक लाटा असतातच. धारेच्या परिघापेक्षा लांब लाट वाढत जाते आणि धार कापते, हे बेल्जियमच्या प्लाटो नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने (ग्रीक तत्त्ववेत्ता नव्हे) दाखवलं. व्यासाच्या साधारण साडेचार पट लांबीची लाट सर्वांत झपाट्याने वाढते, हे १८७८ मध्ये इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ रेलेने गणिताने काढलं. म्हणजे २ मिमी धारेचे ९ मिमीचे तुकडे, थेंब पावणेचार मिमीचा.

लाडूवाली_काकू: एकतारी पाकाची तार दोन बोटांत टिकते, नुसत्या पाण्याची निघतच नाही. तेच ना हे?

निवृत्त_मास्तर: तेच, काकू. काकवीलाही पृष्ठताण आवळतोच, पण ती इतकी घट्ट की लाट वाढेपर्यंत धार भाकरीवर पोचलेली असते. खालचं टोक थांबतं, वरून माल येतच राहतो, मग धार वाकते. टेबलावर उभी धरून दाबलेली फूटपट्टी चपट्या बाजूलाच वाकते; गोल धारेला सगळ्या बाजू सारख्या, म्हणून ती फिरत राहते.

कोथरूडकर_७७: पृथ्वी फिरते म्हणून एकाच दिशेला फिरत असणार.

निवृत्त_मास्तर: वाटीभर काकवीला पृथ्वी विचारत नाही. ओतून बघा.

नारायणपेठी_भाडेकरू: पाचदा ओतली. तीनदा डावीकडून, दोनदा उजवीकडून. पळीचा प्रयोगही केला, तोटीपासून वीतभर खाली तडतड लागली. तेवढ्यात मालक वर आले, म्हणाले, वॉशरचे पैसे तुमचे.