सल्ला हवा: दख्खनी लोकर बैठकीत कुठे आणि कशी वापरावी? (लातूर)

मांजराकाठ:
घर नवीन आहे. बैठक १२ × १४ फूट, उंची १० फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. बोललं की आवाज घुमतो. सोफा ७ फुटी आहे. धनगरवाड्यावरची काळी-करडी लोकर आणि हातमागाची घोंगडी दोन्ही मिळू शकतात. त्यातून गालिचा, भिंतीवरचे पॅनेल आणि सोफ्याचं कापड करायचा विचार आहे. उन्हाळ्यात खोलीत कूलर चालतो, पाणी बोअरचं, जड. माप, धुणं आणि लोकरीला लागणारी कसर याबद्दल नेमकं सांगा.

माग_आणि_खड्डा:
सोफ्याचं कापड आधीच बाद करा. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ असते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू उघड्या कातडीला टोचतो, आणि आपल्याकडे अर्धं वर्ष माणूस अर्ध्या बाह्यांत बसतो. पहिल्या कातरणीचं जावळ मऊ असतं, पण तेही बैठकीच्या घर्षणाला पुरत नाही. सोफ्याला लोकरच हवी असेल तर बारीक लोकरीत थोडं नायलॉन मिसळलेलं कापड घ्या आणि विक्रेत्याला मार्टिनडेल चाचणीचा आकडा विचारा, म्हणजे कापड किती वेळा घासलं तरी टिकतं तो. घरगुती वापराला २०,००० किंवा जास्त हवा. आकडा सांगता येत नसेल तर कापड सोडून द्या. जाड तंतू पायाखाली चेपला तरी पुन्हा उभा राहतो, म्हणून दख्खनीची खरी जागा जमीन आणि भिंत.

गालिच्याचं माप सोफ्यावरून काढा: दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त, म्हणजे ८ फूट लांब. रुंदी ५ फूट, पुढचे पाय त्यावर टेकतील इतकी. हे ४० चौरस फूट, म्हणजे ३.७ चौरस मीटर झालं. सपाट विणीला चौरस मीटरमागे दोन किलो सूत धरलं तर साडेसात किलो लागेल. कच्ची लोकर त्याहून बरीच जास्त घ्या, कारण निवडण्यात, धुण्यात आणि पिंजण्यात घट येते.

तयार घोंगडीचे दोन पट्टे जोडून काम होतं, पण माप देण्याआधी एक गोष्ट करा. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ असते. ती धुतल्यावर निघते, कापड मऊ होतं आणि आटतं. मागवाल्याकडून ३० सेंटीमीटरचा तुकडा घेऊन धुवा, सावलीत वाळवा, पुन्हा मोजा. २७ भरला तर आट दहा टक्के. मग हवं ते माप ०.९ ने भागून, वाढवून सांगा. खळ तशीच ठेवली तर तिच्यावर झुरळं येतात.

सिंदफणा:
विकत घेताना दोन धागे जाळून पाहा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. बाजारातल्या पुष्कळ 'घोंगड्या' मिश्र असतात. मिश्र ओळखायला धागा घट्ट ब्लीचमध्ये रात्रभर ठेवा: लोकर विरघळते, उरतं ते दुसरं काही.

टफ्टेड गालिचा, म्हणजे न विणता पाठीच्या कापडात धागे टोचून केलेला, दिसला तर पाठ बघा. चिकटवलेलं कापड असेल तर आत लॅटेक्स, म्हणजे रबरी चिकट, आहे. कडक उन्हात, गच्चीवर वाळत घालाल तर ते भुकटी होऊन गळायला लागतं. मेच्या उन्हात टफ्टेड गालिचा कधीही टाकू नका.

मांजराकाठ:
आभारी आहे. जड पाण्यात धुणं आणि कसर?

माग_आणि_खड्डा:
जड पाण्यात साबणाचा चिकट थर बसतो. रिठ्याचं पाणी किंवा लोकरीचा द्रव डिटर्जंट वापरा. एन्झाइमवाली पावडर नको, ती प्रथिन खाते आणि लोकर प्रथिनच आहे. धुण्याचा सोडा आणि ब्लीचही नको. पाणी कोमट, सुमारे ३० अंश, आणि सगळ्या पाण्यांचं तापमान सारखं. गरमातून थंडात टाकून चोळली की तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड कायमचं आटून नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला लोकरीचा थर, होतो. शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर. पिळू नका, चादरीत गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं वाळवा, ओली लोकर जड होऊन लटकते.

कसरीत खाते ती अळी. तिला घाम, तेल, सांडलेला खाऊ लागलेली लोकर आवडते आणि सोफ्याखालचा न हलणारा अंधार लागतो. त्यामुळे महिन्यातून एकदा गालिचा उलटून झाडा. कडुलिंबाचा पाला अळी मारत नाही, त्यावर विसंबू नका. आपल्याकडे मे महिना हेच औषध आहे: स्वच्छ कोरडी घोंगडी काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ घडी करून पत्र्यावर ठेवा. मधोमध थर्मामीटर खोचा, तिथे ५५ अंश झाल्यावर किमान तासभर राहू द्या. जाड घडी केली तर मधला भाग तापत नाही आणि तिथलीच अंडी वाचतात. पिशवीमुळे रंगही विटत नाही.

टाका_धागा:
पॅनेलचं मी सांगते. घोंगडी नुसती भिंतीला टेकवली तर फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषला जातो. बोलण्याचा घुमारा कमी करायला जाडी आणि मागे पोकळी लागते. २ × ४ फुटांच्या, दोन इंच खोल लाकडी चौकटी करा, एकीत साधारण एक किलो पिंजलेली लोकर. गालिच्याला न चालणारी आखूड लोकर इथे चालते. लोकर कालांतराने खाली बसते, म्हणून सहा-सहा इंचांवर धाग्याची जाळी टाका. समोरचं कापड तोंडाला लावून फुंकर मारून पाहा; हवा आरपार गेली पाहिजे. पॅनेल भिंतीपासून दोन इंच पुढे. चार पॅनेल एकमेकींना लागून असलेल्या दोन भिंतींवर विभागून लावा, चारही एकाच भिंतीवर नकोत. आतली लोकर भरण्याआधीच धुऊन तापवून घ्या, नंतर हात पोचत नाही.

आणि कूलरच्या झोताच्या रेषेत एकही नको. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल आत घेते आणि हाताला कोरडीच लागते. मागच्या बंद जागेत मग कुबट वास धरतो.

मांजराकाठ:
गालिच्याखाली काय घालू? फरशीवर सरकेल.

सिंदफणा:
पीव्हीसीची जाळी नको, उन्हाळ्यात फरशीला चिकटून डाग पाडते. दाबलेल्या नमद्याचा ६ ते ८ मिलीमीटरचा थर, चारही बाजूंनी एक इंच आखूड कापून. शहाबादी ओलसर राहते, तेव्हा पोचा मारल्यावर फरशी पूर्ण वाळेपर्यंत गालिचा परत टाकू नका.