मॅट प्रिंटसाठी शार्पनिंग कधी आणि किती करायचं? मदत हवी आहे

भिगवणला काढलेला चित्रबलाक पक्ष्याचा फोटो १२ बाय १८ इंच मॅट पेपरवर प्रिंट करायचाय, पण शार्पनिंग (कडा आणि बारकावे ठळक करणं) काही केल्या जमत नाहीये. रॉ फाइल आहे, आयएसओ ३२००, फोकस डोळ्यावर नीट बसलाय, फोटो हललेला नाही. क्रॉप करून ४२०० बाय २८०० पिक्सेल उरलेत, म्हणजे ३०० पीपीआयसाठी (इंचाला ३०० पिक्सेल) ५४०० बाय ३६०० करावं लागणार.

लाइटरूममध्ये आधी नॉइज कमी केला, मग शार्पनिंगचं अमाउंट ६०, रेडियस (कडेच्या किती पिक्सेलपर्यंत परिणाम) १, मास्किंग ८० (आल्ट दाबून बघितलं, पाणी पूर्ण काळं होतं, म्हणजे तिथे शार्पनिंग लागत नाही), स्क्रीनवर मस्त दिसतं पण एक तुकडा त्याच मापात प्रिंट करून बघितला तर मानेची पिसं मऊच. मग फोटोशॉपमध्ये हाय पास (फक्त कडा वेगळ्या काढणारा फिल्टर) ३ पिक्सेल, ओव्हरले ब्लेंड मोडवर टाकला, पिसं उठून आली पण चोचीच्या कडेने पांढरी रेघ आली, ती अजिबात नकोय. वेगळं सॉफ्टवेअर विकत घेणं सध्या शक्य नाही.

तर मुख्य शार्पनिंग फोटो मोठा करायच्या आधी करू की नंतर, आणि चोचीला रेघ न येता पिसांसाठी रेडियस किती ठेवू?