पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, तर गाडी बाटली का?

चौथा गिअर

परवा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात माझी १९७० ची एमजीबी जीटी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) बॉनेट उघडून उभी केली होती. एक आजोबा आले, हात मागे बांधून इंजिनकडे दोन मिनिटं बघत राहिले, मान हलवली आणि "सगळं बदललंय" एवढंच पुटपुटून पुढच्या गाडीकडे गेले. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

सगळं म्हणजे काय काय? प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (करंट तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर जाऊन तिथे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आलं. हेडलाइटना दोन रिले (बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारे स्विच) लागले. पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या जागी इलेक्ट्रिक पंखा. मागच्या सीटखालच्या दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांऐवजी एकच बारा व्होल्टची. बस. १७९८ सीसीचं इंजिन तेच, एसयू कार्ब्युरेटरची जोडीही तीच.

हेडलाइटचंच सांगतो. या गाडीत दिव्यांचा सगळा करंट आधी डॅशबोर्डच्या बटणातून, मग डिपरमधून जातो आणि मग कुठे बल्बपर्यंत पोचतो. वाटेत ना रिले, ना फ्यूज. इंजिन चालू ठेवून मीटर लावला तर बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या टोकाशी ११.६. रिले बसवल्यावर १३.३. आता रात्री समोरचं दिसतं. यात गाडीचा अपमान कुठे झाला?

आणि अस्सल म्हणजे नेमकं कधीचं अस्सल? १९७४ मध्ये अमेरिकेतल्या नियमांपायी कारखान्यानंच या गाडीला काळे रबरी बंपर लावले आणि ती सुमारे दीड इंच उंच केली. वळणावर गाडी डुलायला लागली. आज तसली गाडी खाली बसवून तिला क्रोमचे बंपर लावणाऱ्याला नावं ठेवायची का? १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. ही काही राजमुकुटातली चीज नव्हे. मला ती चालवायची आहे.

एक कबुली देऊन टाकतो, नाहीतर कोणीतरी विचारेलच. मॉड्यूल बसवल्यावर दोन महिने गाडी मस्त पळाली, आता पन्नास मैलांच्या वेगाला अधूनमधून परत मिसिंग मारते. दुसरं मॉड्यूल मागवलंय. पण पॉइंटकडे परत जाणार नाही.

फीलरगेज

गाडी तुमची, तेव्हा मर्जी तुमची. पण धागा काढलाच आहे तर बोलतो. तुमच्या यादीतले निम्मे बदल म्हणजे न केलेल्या देखभालीची पावती आहे.

१३.८ चे ११.६ झाले. दोन व्होल्ट गेले कुठे? थोडे बटणात, बाकीचे बुलेट कनेक्टरांत. पन्नासहून जास्त पावसाळे-हिवाळे खाऊन हिरवं पडलेलं पितळ आहे ते. एकेक कनेक्टर उपसून घासा, दिव्याची काळी वायर जिथे पत्र्याला लागते तिथला रंग खरवडा, बरेचसे व्होल्ट फुकटात परत येतील. रिले लावल्यानं दिवे उजळले हे खरं, पण इंडिकेटर आणि पेट्रोल पंपाच्या वाटेवरचं हिरवं पितळ आहे तिथेच आहे. ते एक दिवस तुम्हाला रस्त्यात गाठेल, आणि तेव्हा शिव्या मात्र विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीला बसतील.

लुकासला "अंधाराचा राजपुत्र" म्हणायची पद्धत आहे. मी ज्या ज्या "लुकास खराब" गाडीत हात घातला, तिथे बहुतेक वेळा खराब निघालं ते अर्थिंग, नाहीतर मागच्या मालकाची कारागिरी. मूळ वायरिंग इतकं सरळ आहे की रंग पाठ केले की नकाशा लागत नाही. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर. हिरवी म्हणजे तीच, पण फ्यूजनंतर. काळी म्हणजे अर्थ. मग कोणीतरी येतो, पंख्यासाठी हातात सापडलेली पिवळी वायर ओढतो आणि पुढच्या मालकाला आंधळं करून जातो. तुमच्या पंख्याची वायर कोणत्या रंगाची आहे हो?

एसयू ठेवलेत त्याबद्दल मात्र कौतुक. तपासता का कधी? इंजिन गरम करा आणि कार्ब्युरेटरच्या बाजूची पिन दाबून पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर वर उचला. आरपीएम किंचित वाढून परत जागेवर आले तर मिश्रण बरोबर. वाढून तिथेच राहिले तर पेट्रोल जास्त. इंजिन मरायला लागलं तर पेट्रोल कमी. सगळं काम कानावर. असलं यंत्र हाताशी असताना लोक वेबर कार्ब्युरेटर लावायला धावतात आणि मग वर्षभर जेट बदलत बसतात.

चौथा गिअर

पंख्याची वायर पिवळी नाही. जांभळी आहे. (फ्यूजनंतरची कायम चालू. रंग मलाही पाठ आहेत, फीलरगेजराव.)

पॉइंटचा आळस मी केलेला नाही. ०.०१५ इंचाचा गॅप दर तीन हजार मैलांनी पानं घालून बघत होतो, टाचेला ग्रीसही लावत होतो. मारलं ते कंडेन्सरनं. नवे कोरे म्हणून घेतलेले दोन एका वर्षात गेले, दुसरा तर मोटरवेच्या कडेला, पावसात, रात्री अकराला. जुन्या मालासारखा माल आता मिळत नाही, तर जुनी पद्धत धरून बसायची कशाच्या जोरावर?

फीलरगेज

कंडेन्सरबद्दल पूर्ण सहमत. डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणाऱ्या रोटर आर्मचंही तेच, काहींच्या रिव्हेटमधूनच ठिणगी खाली शाफ्टला जाते. चांगल्या प्रतीचा भाग शोधावा लागतो हे मान्य.

मायनरवाली

दोघांच्या भांडणात पडत नाही, माझी गोष्ट सांगते. माझी मॉरिस मायनर १९६२ ची. घेतली तेव्हा आधीच्या मालकानं अभिमानानं दाखवलेलं: पुढे डिस्क ब्रेक, नवीन सीट, स्टिअरिंगला लाकडी चाक. मीही हरखले.

मायनरच्या पुढच्या चाकाचा सगळा खेळ ट्रनियनवर असतो. आटे असलेला तुकडा, त्यात चाकाचा खांब फिरतो. ग्रीसगननं वेळच्या वेळी ग्रीस दिलं तर वर्षानुवर्षं टिकतो. दिलं नाही तर आटे झिजतात आणि एक दिवस खांब निसटून चाक मडगार्डखाली आडवं होतं. माझं झालं ते पार्किंगमधून मागे घेताना, चालण्याच्या वेगात. हेच शंभर यार्ड पुढे झालं असतं तर हा प्रतिसाद लिहायला मी नसते. उघडल्यावर बघितलं, ग्रीस निपलवर डिस्क ब्रेकच्या वेळचा रंग तसाच, अखंड. म्हणजे ब्रेक बदलायला तिथपर्यंत हात गेला होता, पण चार इंच बाजूला ग्रीसगन लावावी असं त्या माणसाला वाटलं नाही.

आता म्हणाल, मग मी डिस्क काढून टाकले का? नाही. ठेवले. आजच्या रहदारीत पुढचा माणूस ज्या ब्रेकवर थांबतो, त्याच्या मागे मला ड्रमवर थांबायचं नाही. पण महिन्याचा पहिला रविवार ग्रीसगनचा, आणि त्याच दिवशी गालिचा उचलून ब्रेक ऑइलची पातळी. (मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली जमिनीत पुरलाय. ज्यानं हे डिझाइन केलं त्याला स्वतः कधी ऑइल भरावं लागलं नसणार.)

गंजभाई

वायरी, पॉइंट, ब्रेक. चालू द्या. गाडी मरते पत्र्यानं.

एमजीबीला चासी नाही. दाराखालचे सिल म्हणजेच गाडीचा कणा. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये तिसरा उभा. बाहेरून चकचकीत सिल दिसला म्हणून भुलू नका, जुन्या गंजावर नवा पत्रा ठोकून पुट्टी भरलेल्या किती तरी गाड्या फिरतायत. दार उघडा आणि ते वर उचलून बघा. मग बंद करून दाराची वरची मागची फट पाहा. फट वर मिटलेली आणि खाली फाकलेली असेल तर गाडी मध्ये खचायला लागली.

सिल बदलायचा तर गाडी स्टँडवर नीट पेलून, दार जागेवर ठेवून, थोडं वेल्ड, परत दार लावून बघ, परत थोडं वेल्ड. घाई केली तर गाडी वाकड्या आकारात कायमची शिवली जाते. एका गॅरेजनं माझ्या रोडस्टरचं दार काढून सगळं एका दमात वेल्ड केलं होतं. दार नंतर बसेना, तर त्यांनी दारच घासलं!

१९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साच्यांवर एमजीबीची नवी कोरी बॉडी बनवते. तीत जुनं इंजिन आणि ॲक्सल बसवली तर ती गाडी अस्सल की नवी? याचं उत्तर द्या, मग पॉइंटचं बघू.

आठ सिलिंडर

अस्सलवाल्यांना एक विचारतो. केन कॉस्टेलो नावाच्या माणसानं एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन कोंबलं, तेव्हा तोही "बिघडवणारा"च होता. १९७३ मध्ये कारखान्यानं स्वतः एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली, तेव्हा तेच इंजिन "ओरिजिनल" झालं. त्यातून ते मुळात अमेरिकन ब्युइकचं. ॲल्युमिनियमचं असल्यानं वजन लोखंडी चार सिलिंडरच्या आसपासच, म्हणून गाडीचं नाकही जड होत नाही. आज त्या कारखान्याच्या व्ही-८ पुढे हेच लोक टोपी काढतात.

आणि पेट्रोल तरी मूळचं उरलंय का? २००० साली इथे ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिसं व्हॉल्व्हच्या सीटवर थर धरायचं, ते गेलं आणि जुन्या लोखंडी हेडमध्ये एक्झॉस्ट सीट खचायला लागल्या. २०२१ मध्ये साधं पेट्रोल ई१० झालं, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, जुने रबरी होस त्यानं फुगतात, चिरतात. मग कडक सीट आणि नवे होस ही देखभाल की मॉडिफिकेशन? माझ्या गाडीत व्ही-८ आहे, फोर्ड सिएराचा पाच गिअरचा बॉक्स आहे, मागे टेलिस्कोपिक शॉक आहेत. तासाला सत्तर मैलांनी जाताना शेजारच्याशी बोलता येतं. कोणाला पाप वाटत असेल तर वाटो.

फीलरगेज

सीट आणि होस म्हणजे देखभाल. त्यावर वाद नाही, मीही केलंय, वर कमी इथेनॉलचं ई५ च भरतो.

व्ही-८ ला माझा विरोध वेगळ्या कारणानं. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटीतून (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीतून) सूट आहे, पण गाडीत मोठा फेरफार नाही असं मालकानंच जाहीर करायचं असतं. सुरक्षिततेसाठी केलेले ब्रेक-सस्पेन्शनचे बदल त्यात चालतात. इंजिनाच्या सिलिंडरांची संख्या बदलली की प्रश्न उभे राहतात. सूट असली तरी मी दरवर्षी स्वतःहून एमओटी करून घेतो. दुप्पट ताकद घालून तपासणीला न जाणाऱ्या गाड्या रस्त्यावर दिसल्या की पोटात गोळा येतो.

गंजभाई, हेरिटेज बॉडीचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या भावाच्या गाडीला तीच आहे आणि आम्ही तो विषय काढत नाही.

चौथा गिअर, तुमचं मिसिंग डोक्यातून जात नाहीये. एक सांगा, पाय हलका असताना मारते की चढावर पूर्ण दाबल्यावर?

चौथा गिअर

हलका असताना. सपाट रस्त्यावर, एका वेगात. दाबला की गायब. आयडलला घड्याळासारखी.

फीलरगेज

मग मॉड्यूल उघडायची घाई करू नका. हलक्या पायावर व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीनं ठिणगी जरा आधी पाडणारा भाग) काम करतो आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली प्लेट फिरवतो. पाय दाबला की व्हॅक्यूम जातो, प्लेट परत येते. त्या प्लेटपासून बॉडीपर्यंत दोन इंचांची कापडी आवरणाची अर्थ वायर असते. प्लेट फिरली की ती वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतला तांब्याचा पीळ तुटतो, वरचं कापड मात्र धडधाकट दिसतं. तुमचं मॉड्यूलही अर्थ त्याच प्लेटवरून घेतं. मीटरचं एक टोक प्लेटला, दुसरं बॉडीला, आणि व्हॅक्यूमच्या नळीला तोंड लावून ओढा.

मायनरवाली

फीलरगेजकाका, पैज लावू का?

चौथा गिअर

आत्ताच गॅरेजमधून आलो. नळी न ओढता मीटर शून्याच्या जवळ. ओढली की आकडा सैरावैरा, मग सर्किट तुटलेलं. वायर हातात घेऊन ताणली तर कापड च्युइंगगमसारखं लांबलं, आत काहीच नाही. तांब्याचे तीन तंतू प्लेटच्या बाजूला लटकत होते. नवी वायर मऊ, खूप तंतूंची घेतली, डाग दिला, थोडा सैल वळसा ठेवला. वीस मैल फिरून आलो, एकदाही मिसिंग नाही.

म्हणजे कदाचित पॉइंट असतानाही हाच घोळ होता आणि मी कंडेन्सरला दोष देत होतो. दुसरा कंडेन्सर तरी निर्दोष असावा. मॉड्यूल बसवताना वायर जरा हलली असणार, म्हणून दोन महिने बरी चालली.

नवीन मॉड्यूल परत पाठवतोय. जुनं आत राहील, ते काढणार नाही.

फीलरगेज

राहू द्या. पॉइंटचा सेट तेवढा फेकू नका, ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा.

चौथा गिअर

ठेवलाय. निर्दोष कंडेन्सरसकट.