३५०च्या ब्लॉकात ४००चा क्रँक: अजूनही परवडतो का?

बिगएंड
शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८मधलं ३५० (३५० घनइंचांचं इंजिन) उघडून पडलंय, बोअर (सिलिंडरचा व्यास) ३० थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवायचाच आहे, आणि तरी लोक आत परत तोच ३.४८ इंची स्ट्रोकचा (पिस्टनची वरखाली धाव) क्रँक घालतात. हे मला पटत नाही. त्याच घराण्यातल्या ४०० इंजिनाचा (१९७० ते १९८०) क्रँक ३.७५ इंची आहे. ४.०३० इंच बोअरवर तो बसवला की ३८३ घनइंच होतात, म्हणजे ६.२७ लिटर. जुना क्रँक ठेवला तर त्याच बोअरवर ३५५. बोअरिंग, होनिंग, बेअरिंग, रिंगा, सगळा खर्च दोन्हीकडे सारखाच.

शिवाय हिशोब बघा. ब्लॉकची डेक उंची (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंत) ९.०२५ इंच. ३५०मध्ये अर्धा स्ट्रोक १.७४, रॉड ५.७, गजनपिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत १.५६. बेरीज ९.००. आता ४००चा क्रँक त्याच्याच आखूड रॉडसकट घ्या: १.८७५, ५.५६५, १.५६. बेरीज पुन्हा ९.००. म्हणजे ३५०चा पिस्टन वरच्या टोकाला जिथे थांबत होता तिथेच थांबणार, २५ थाऊ खाली. वेगळा पिस्टन लागत नाही. बिग एंड जर्नल (क्रँकचा रॉड बसणारा गोल भाग) दोन्हीकडे २.१० इंच. मेन (क्रँक ब्लॉकात ज्यांवर फिरतो ते जर्नल) तेवढे ४००चे २.६५ आहेत, ते ३५०च्या २.४५वर उतरवून घ्यायचे.

फिलेट
"उतरवून घ्यायचे" म्हणून मोकळे झालात. व्यासात २०० थाऊ म्हणजे एका बाजूला १०० थाऊ. एरवी आपण १० किंवा २० थाऊ अंडरसाइज मारतो (जर्नल घासून बारीक करतो), हे त्याच्या दसपट. ग्राइंडिंगचा दगड नीट ड्रेस केलेला नसला की जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई जाते, तिथे खाच राहते, आणि कास्ट (ओतीव) क्रँकला तडा जातो तो तिथूनच. तेलाच्या भोकांची तोंडंही ग्राइंडिंगनंतर धारदार होतात. पुन्हा चॅम्फर केली (कडा उतरत्या केल्या) नाहीत तर नवं बेअरिंग पहिल्याच स्टार्टला खरवडून निघतं.

पण माझा मुख्य आक्षेप ओव्हरलॅपवर आहे. मेन आणि बिग एंड जर्नल समोरून पाहिले तर एकमेकांवर जितके चढलेले दिसतात, तितकी क्रँकची ताकद. ३५०ला हा ओव्हरलॅप ०.५३५ इंच, ४००ला त्याच्या जाड मेनमुळे ०.५००. मेन २.४५ केले की उरतो ०.४००. स्ट्रोक वाढवला आणि वर चतुर्थांश ओव्हरलॅप घालवला. असल्या क्रँकवर ६००० आरपीएम मारायचे असतील तर आपापल्या जबाबदारीवर. आज २.४५ मेनचाच, ३.७५ स्ट्रोकचा नवा क्रँक तयार मिळतो. पन्नास वर्षं जुना, आधीच कोणीतरी घासलेला तुकडा शोधत फिरायचं कशाला?

लेथ_तीन_नंबर
दोघंही कागदावर भांडताय. ब्लॉकात क्रँक ठेवून फिरवला की खरी अडचण दिसते. थ्रो (क्रँकचा रॉड धरणारा भाग) प्रत्येक बाजूला १३५ थाऊ जास्त बाहेर येतो. रॉडच्या बोल्टचं डोकं खाली ऑइल संपच्या कडेला आणि सिलिंडरच्या तळाला घासतं. तिथे ग्राइंडरने खाच मारावी लागते, ६० थाऊ मोकळी जागा मिळेपर्यंत. हात जड पडला तर पाण्याचं जॅकेट फुटतं आणि ब्लॉक भंगारात. म्हणून थोडं घासा, फिरवा, परत घासा.

वरच्या बाजूला बोल्ट कॅमच्या लोबला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्याला) भिडतो. इथे बहुतेक जण चुकतात: क्रँक एक फेरा फिरवून "लागत नाही" म्हणतात. कॅम निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पूर्ण दोन फेरे, टायमिंग चेन आणि स्प्रॉकेट लावून, आठही रॉडवर बघायचं. माती चिकटवून जाडी मोजा, ५० थाऊच्या खाली गेलं तर लहान बेस सर्कलचा (लोबखालचा गोल भाग बारीक असलेला) कॅम घ्या. आणि कॅम चार डिग्री पुढेमागे केला तर तेही अंतर बदलतं. डिग्री लावून झाल्यावर पुन्हा तपासायचं.

तिसरी जागा कोणी सांगत नाही. आखूड रॉडमुळे खालच्या टोकाला गजनपिन क्रँकच्या मध्यापासून ३.६९ इंचांवर येते, ३५०मध्ये ती ३.९६वर असते. म्हणजे पिस्टनचा स्कर्ट २७० थाऊ खाली, थेट काउंटरवेटच्या (क्रँकवरच्या समतोल वजनाच्या) अंगावर. "पिस्टन तोच चालतो" हे माथ्यापुरतं खरं, स्कर्टचं मोजून बघा.

हेडपॅकिंग
बिगएंड, तुमची ती बेरीज देखणी आहे, पण त्यातच दोन खड्डे आहेत. एक, रिबिल्डसाठी विकले जाणारे बरेच पिस्टन १.५६ नसून १.५४ असतात, मग पिस्टन ४५ थाऊ खाली. दोन, स्ट्रोक वाढला की कॉम्प्रेशन आपोआप वाढतं. ७६ सीसीचं (हेडमधल्या ज्वलनकक्षाचं आकारमान) हेड, ३९ थाऊचं पॅकिंग, २५ थाऊ डेक आणि माथ्यावर व्हॉल्व्हच्या खाचांचे ५ सीसी धरा. ३.४८ क्रँकला ८.७ येतं, ३.७५ला ९.३. इथवर ठीक. पण "आता जोर हवा" म्हणून कोणी ६४ सीसीचं हेड चढवतो आणि थेट १०.५वर जातो. वर पॅकिंग आणि डेक मिळून पिस्टन-हेडमध्ये ६४ थाऊ फट. एवढ्या फटीत क्वेंच (कडेचं मिश्रण दाबून बाहेर ढकललं जाणं) होत नाही, नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून ठोके) होतं. ४०च्या आसपास फट हवी. एक तर डेक २५ थाऊ तासून घ्या, नाहीतर १५ थाऊचं पत्र्याचं शिम पॅकिंग लावा. शिम लावायचं तर ब्लॉक आणि हेडचा पृष्ठभाग आरशासारखा हवा, नाहीतर पाणी गळणार.

डेक तासलं किंवा पातळ पॅकिंग लावलं की ६४ सीसीवर कॉम्प्रेशन अजून चढतं, हेही लक्षात ठेवा. मी तर खोलगट पिस्टनच घेईन.

बिगएंड
मोजून घ्यायचं हे मान्य, त्यावर वाद नाही. पण ही काही गल्लीतली करामत नव्हे. १९६७च्या शेव्हरोले कॅमरो झेड/२८ मधलं ३०२ म्हणजे ३२७चा ४ इंची बोअर आणि २८३चा ३ इंची स्ट्रोक. ट्रान्स-अॅम शर्यतींची ३०५ घनइंचांची मर्यादा होती म्हणून कंपनीनेच घरातले तुकडे जुळवले. १९६८चं ३०७ बरोबर उलटं, २८३चा बोअर आणि ३२७चा स्ट्रोक.

फिलेट
कंपनीचा दाखला तुमच्याच विरोधात जातो. १९६८ला मेन मोठे झाले तेव्हा ३०२साठी मोठ्या मेनचा फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) क्रँक घडवला. आहे त्याचे मेन १०० थाऊ तासले नाहीत. आणि ज्यांना आरपीएम हवे होते त्यांनी तर ४००चा ब्लॉक घेऊन त्यात ३५०चा क्रँक जाड स्पेसर बेअरिंगांवर बसवला: ४.१५५ बोअर, ३७७ घनइंच. तिथे क्रँकला दगड लावावाच लागत नाही. ३८३पेक्षा सहा घनइंच कमी, पण मोठ्या बोअरमध्ये व्हॉल्व्ह मोकळे श्वास घेतात. (४००चे सिलिंडर एकमेकांना चिकटलेले, मध्ये पाणी नाही, म्हणून हेडला वाफेची भोकं पाडायची. ती विसरलात की हेड पॅकिंग बदलत बसा.)

दोन_सात
या भानगडी एकाच घराण्यात नाहीत. बीएमडब्ल्यूच्या एम२० सहा सिलिंडरमध्ये हेच करतात: ३२५आयचा ब्लॉक, ८४ मिमी बोअर, स्ट्रोक ७५ मिमी. त्यात २.७ लिटर ईटा इंजिनाचा (त्याच घराण्यातलं) ८१ मिमी क्रँक सरळ बसतो, मेनला हात लावायचा नाही. २४९४चे २६९३ सीसी होतात. पण तिथे बेरीज जुळत नाही. ३२५आयचे १३५ मिमी रॉड ठेवले तर पिस्टन ३ मिमी वर येतो, ईटाचे १३० मिमी घातले तर २ मिमी खाली राहतो. ९.७ कॉम्प्रेशनचं इंजिन ८.६वर येतं. सीसी वाढले, धार गेली. त्या मानाने शेव्हीवाल्यांची आयती बेरीज हे नशीबच.

लेथ_तीन_नंबर
आरपीएमवरून एवढं तापू नका. ३.७५ स्ट्रोकला ५५०० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.५ मीटर. तोच वेग ३.४८ला ५९००च्या जरा वर येतो. तोच कॅम, तीच हेड ठेवली तर ३८३चा जोर तसाही आधी येतो आणि आधी संपतो. ओढायला, चढाला, ऑटोमॅटिक गिअरला हेच बरं. ज्याला वर फिरवायचंय त्याने आधी हेडवर खर्च करावा, क्रँक ही दुसरी पायरी.

बिगएंड
माझं म्हणणं तेच होतं. खाली ओढणाऱ्या गाडीसाठी जुना क्रँक पुरतो.

हेडपॅकिंग
बॅलन्सिंग कोणीच काढलं नाही. ४०० बाहेरून बॅलन्स केलेलं इंजिन आहे, थोडं वजन पुढच्या डॅम्परमध्ये (क्रँकच्या टोकावरची कंपन शोषणारी चकती) आणि मागच्या फ्लायव्हीलमध्ये असतं. ३५०चा डॅम्पर तसाच लावला तर इंजिन पहिल्या दिवसापासून थरथरतं आणि लोक माउंटिंग बदलत बसतात. दोन्ही भाग ४००चेच हवेत. क्लच-प्लेट बदलताना उद्या कोणी ३५०चं फ्लायव्हील चढवलं तर खेळ खल्लास. तसंच ब्लॉक १९८५पर्यंतचा बघा. १९८६पासून मागचं मेन सील एका तुकड्याचं झालं, ४००चा क्रँक दोन तुकड्यांच्या सीलचा आहे.

फिलेट
ठीक, ओढणारी गाडी, ५५००ची मर्यादा, माझा विरोध सौम्य धरा. पण क्रम चुकवू नका. क्रँक मिळाला की आधी धुवून मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधणं), मग सरळपणा, मग मायक्रोमीटरने चारही बिग एंड जर्नल. तिथे आधीच २० अंडरसाइज निघाला तर तो तिथेच ठेवून द्या. ग्राइंडिंगचे पैसे दिल्यानंतर तडा सापडला तर हातात काहीच राहत नाही. आणि ग्राइंडिंग झाल्यावर परत एकदा मॅग्नाफ्लक्स, कारण दगडाच्या तापानेही बारीक तडे जातात.