प्रक्रिया थांबवणाऱ्या साधनाची चाचणी: मॉक कुठवर पुरेल?

प्रक्रिया (म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम) थांबवणाऱ्या पायथॉन साधनाची चाचणी घेताना प्रत्येक सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी) मॉक करावा, म्हणजे त्याच्या जागी ठरलेले उत्तर देणारी नक्कल ठेवावी, अशी आपली सूचना आहे. प्रक्रियांच्या यादीचे आउटपुट वाचणाऱ्या फंक्शनांपुरती ती मला पूर्ण मान्य आहे, मात्र नकलेत वापरायचे आउटपुटचे नमुने खऱ्या यंत्रांवरूनच घ्यावेत. लिनक्स प्रक्रियेचे नाव १५ बाइटांवर तोडते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह (काना, वेलांटीही) ३ बाइट घेते, त्यामुळे ‘अहिराणी’ नावाचा प्रोग्रॅम तिथे ‘अहिरा’ म्हणून दिसतो. आपल्या खान्देशात हा नमुना चाचणीत असलाच पाहिजे.

प्रक्रिया थांबवण्याच्या चाचणीत मात्र मॉक फसवतो. पायथॉनचे ओएस.किल हे फंक्शन सिगटर्मसह (‘थांब’ असे सांगणाऱ्या सिग्नलसह) वापरले, तर लिनक्सवर चाइल्ड प्रोसेसला (आपल्या प्रोग्रॅमने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रक्रियेला) तो सिग्नल पकडून आवराआवर करता येते, तर विंडोजवर ती तिथल्या तिथे संपवली जाते. मॉकला दोन्ही सारखेच. माझ्याकडे धुळ्याला शिकणारी मुले विंडोजवर लिहितात आणि प्रोग्रॅम लिनक्स सर्व्हरवर चालतो, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा खरी चाइल्ड प्रोसेसच सुरू करावी, तीही ‘स्लीप’ या नुसते थांबून राहणाऱ्या कमांडवर न विसंबता, चाचणी चालवणाऱ्याच पायथॉन इंटरप्रिटरने (कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने). तिने ‘तयार’ अशी ओळ छापल्यावरच सिग्नल पाठवावा. ठरावीक सेकंद थांबणाऱ्या चाचण्या संथ यंत्रावर अधूनमधून विनाकारण नापास होतात.