सेलिब्रिटी म्हणजे नेमकं कोण?

पारावरचा:
आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा फलक लागला, 'सेलिब्रिटींच्या हस्ते महाआरती'. सेलिब्रिटी कोण, तर एका मालिकेत नायिकेच्या दिराचं काम करणारा मुलगा. गुणी आहे, तक्रार नाही. पण याच इमारतीत ४० वर्षं गणित शिकवलेल्या बाई राहतात, त्यांच्या हाती आरतीचं तबक कधी आलं नाही. हा शब्द 'सेलिब्रेट'वरून आला ना? मग ज्याचं कर्तृत्व साजरं करावं त्यालाच तो लावावा. बाकीच्यांना कलाकार म्हणा की!

शब्दवेडा:
मूळ पकडताना घोळ झालाय. लॅटिन 'सेलेबर' म्हणजे गजबजलेलं, लोकांची ये-जा असलेलं. साजरं करणं हा अर्थ त्या गर्दीतूनच पुढे आला. इंग्रजीत आधी सेलिब्रिटी म्हणजे नुसती प्रसिद्धी. माणसाला उद्देशून तो रुळला १९व्या शतकात. गुणवत्तेची अट त्यात नव्हतीच. दिरासाठी मंडपात गर्दी झाली ना? मग शब्द बरोबर बसला.

पारावरचा:
गर्दी अपघात बघायलाही होते.

मिरजेची मावशी:
मला वेगळंच खटकतं. आपल्याकडे नामवंत वकील असतो, ख्यातनाम गायिका असते, कुप्रसिद्ध दरोडेखोर असतो. विशेषणापुढे धंदा लागतोच, नुसता 'नामवंत' म्हणून कोणी उभा राहत नाही. सेलिब्रिटी मात्र राहतो. "काय करतात हो?" "सेलिब्रिटी आहेत." झालं! पेपरवाले 'वलयांकित' लिहितात, पण तो शब्द बोलताना कोणाच्या तोंडून ऐकलाय का?

तिसरी घंटा:
आपल्याकडे त्याचा अर्थ 'पडद्यावरचा माणूस' एवढाच. सेलिब्रिटी क्रिकेट लीग बघा. २०११पासूनची स्पर्धा, २०१३मध्ये आपला 'वीर मराठी' संघही उतरला. खेळणारे सगळे नट. म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर क्रिकेटपटूच सेलिब्रिटी नाही!

शब्दवेडा:
उलट यातूनच अर्थ स्पष्ट होतो. ज्या कामाने नाव झालं ते सोडून दुसरं काहीतरी करताना लोक ज्याला बघायला येतात, तो सेलिब्रिटी. शिल्पा शेट्टी २००७मध्ये इंग्लंडात 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' जिंकली ती अभिनय करून नव्हे, त्या घरात राहून.

मिरजेची मावशी:
मग आपला 'उत्सवमूर्ती' काय वाईट? मूळ मूर्ती गाभाऱ्यातून हलत नाही, पालखीत मिरवते ती उत्सवमूर्ती.

पारावरचा:
मावशी, शब्द झकास, पण जपून वापरा. उत्सवमूर्तीला लोक हात जोडतात ते आतल्या देवामुळे. काहींच्या बाबतीत पालखीच असते, गाभाऱ्याचा पत्ता नाही.

तिसरी घंटा:
आमच्याकडे तर ज्याचा वाढदिवस तोही उत्सवमूर्ती. त्या हिशेबाने २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांवर अन्याय आहे.

शब्दवेडा:
विषय भरकटवू नका. पारावरचे, एक सांगा: तुमच्या त्या बाईंना कोणी सेलिब्रिटी म्हटलेलं चालेल?

पारावरचा:
आत्ताच विचारून आलो. पुढच्या वर्षी आरती तुमच्या हस्ते ठेवतो म्हटलं. म्हणाल्या, "फलक लावणार असाल तर शुद्धलेखन मला आधी दाखवा. आणि आठच्या आत उरकत असेल तरच येईन."